उतरलेला गंधार

यूसुफ,

तुला ऐकू येत नव्हतं, हे मला तू गेल्यावर, तुझ्या चाळिसाव्याला कळलं. पंगत उठली होती. मी तुमच्या लाकूड कापायच्या आरा मशीनच्या मागच्या अंगणात हात धुवायला गेलो, आणि तुझ्या घरच्या नसीमभाभी तांब्या घेऊन पाणी घालायला आल्या. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "भाभी, आता माझं वाजवणं आयकून चूक सांगणारं कोणी राह्यलं नाई."

त्यांचा हात थांबला.

"दिवाकरभाऊ," त्या म्हणाल्या, "उनको कहाँ सुनाई देता था?"

मला वाटलं, शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत असतील. तसं मी विचारलंही.

"नाई भाऊ. लई आधीपासून. मशीनच्या आवाजानं कान गेले म्हणे. नागपूरच्या डाक्टरनं सांगितलं होतं, हे काई परत येत नाई. तुम्ही दोघं मिळून ते जर्मन व्हायोलिन करून राह्यले होते ना, तवा तर साफ गेलं होतं. मले कसम घातली होती, कोणाले सांगू नको म्हणून. दिवाकरले तर बिलकुल नाई. आता तेच नाई, तर कसम कोणासाठी पाळू?"

मी रुमालानं हात पुसले. तुझे बडे भाई दारात उभे होते, त्यांना सलाम केला आणि निघालो. सायकल सोबत होती, पण चढावंसं वाटलं नाही. नागभीडपासून गावापर्यंत ती हातात धरून चालत गेलो. धानाची रोवणी संपलेली होती, दोन्ही बाजूंनी शेतांच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या. ओळखीचे लोक विचारत होते, "काऊन गा, पंचर झाली का?" मी हो म्हणत होतो.

तुझ्या चांगुलपणाबद्दल मी इथं लिहिणार नाही. ते त्या दिवशी सगळे बोललेच. यूसुफनं कोणाच्या लग्नाचा पलंग कसा करून दिला, नाटकात व्हायोलिन वाजवायचा तेव्हा बाया कशा रडायच्या. सगळं खरं आहे. मला वेगळं बोलायचं आहे, आणि ते तुझ्याशीच.

ते व्हायोलिन आलं तो दिवस तुला आठवत असेल. बडे भाईंनी आलापल्लीकडच्या एका जुन्या बंगल्याचं मोडकं फर्निचर घेतलं होतं, इंग्रजांच्या वेळचं. ट्रकमधून एक शिसवी कपाट उतरवताना त्याचं दार उघडलं, आणि आतून एक काळी पेटी खाली पडली. पेटीला वाळवी लागली होती, हात लावला की भुगा व्हायचा. आतल्या व्हायोलिनला मात्र वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. तू ते दोन्ही हातांवर घेतलंस, तान्ह्या पोराला घेतात तसं, आणि माझ्याकडे पाहिलंस. मशीन चालू होती.

त्याची हालत वाईट होती. मान निखळलेली. वरच्या फळीला छिद्रापासून खालपर्यंत चीर. आतली लांब पट्टी सुटून खुळखुळत होती. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी नाही, तारा नाहीत, आणि कोणीतरी दुरुस्ती म्हणून चक्क एक खिळा ठोकलेला. खिळा पाहून तू जी शिवी दिलीस, ती भाभींना आत ऐकू गेली.

तेव्हा तू नाटकात वाजवणं सोडून दिलं होतंस. धान निघालं की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, आणि त्या नाटकांच्या मांडवात ऑर्गनशेजारी वर्षानुवर्षं तू बसायचास. मला व्हायोलिनचा गज धरायला तूच शिकवलंस, आणि एक दिवस म्हणालास, "आता तू बस तिथी. मले दुकानातून फुरसत नाई." मी खूश झालो. दुकानात तुला आधीही फुरसत नव्हती, हा विचार माझ्या मनात आला नाही. एवढी मोठी जागा मिळाल्यावर कोण विचार करतो?

दोन पावसाळे आपण त्या व्हायोलिनवर घालवले. नाटकांचा हंगाम नसायचा, माझी रोवणी झाली की मी सायकल काढायचो. तू गरम पाण्यात सुरी बुडवून वरची फळी अशी सोडवलीस की एक कपची निघाली नाही. ती उन्हात धरून मला दाखवलीस. फिकट, हलकं लाकूड, रेघा इतक्या सरळ आणि जवळजवळ की कोणी आखल्यासारख्या. "थंड मुलखातलं झाड आहे," म्हणालास, "हळू हळू वाढते, म्हणून रेघा बारीक." मागची फळी जड लाकडाची होती, तिच्यावर आडव्या लाटा. फळी हलवली की लाटा हलायच्या, झुडपाआडून वाघ चालत गेल्यासारख्या. आतमध्ये एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर कोण्या मोठ्या इटालियन कारागिराचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत, जर्मनीत बनवलेलं. तू हसलास. "नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. पण काम पाहा. ज्यानं केलं त्याले स्वतःचं नाव लावायची गरज नोती."

सरस तू लहान भांड्यात शिजवायचास, ते भांडं मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ठेवून, म्हणजे तो जळत नाही. सगळ्या अंगणात त्याचा वास सुटायचा आणि भाभी पदर नाकाला लावायच्या. चिरेला आतून नखाएवढे लाकडाचे तुकडे आडवे चिकटवलेस. आतली पट्टी नवी केलीस. आयुष्यभर सागवानाचे दरवाजे करणारा तू, पण सागवानाचा एक तुकडा त्याला लागू दिला नाहीस. "सागवान जड आहे, आवाज दाबून टाकल," म्हणायचास. कोण्या मशीनच्या खोक्याचं चिडाचं, पाइनचं हलकं लाकूड निवडून निवडून घेतलंस. बडे भाई म्हणाले, चांगलं पॉलिश मारून नव्यासारखं कर. तू मऊ फडक्यानं नुसतं पुसून घेतलंस. जिथं आधीच्या वाजवणाऱ्याची हनुवटी घासून रंग गेला होता, ती जागा तशीच ठेवलीस.

आणि मग ती काडी.

वरच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये एक काडी उभी असते, करंगळीहून बारीक. चिकटवलेली नसते, दाबावर उभी राहते. केसभर इकडची तिकडे झाली की सगळा आवाज बदलतो. हे मला तू शिकवलंस. वाकडी तार छिद्रातून आत घालून तू काडी सरकवायचास आणि म्हणायचास, "वाजव."

मी वाजवायचो.

"कसा वाजते?"

"चांगला वाजते."

"चांगला नोको सांगू. खालच्या तारेवर काय होते ते सांग."

"कोंदट आहे. धानाच्या ढोलीत तोंड घालून बोलल्यासारखं."

"अन् वरच्या?"

"चिरकते थोडी."

तू पुन्हा काडी सरकवायचास. पुन्हा तेच. कधी तू व्हायोलिनच्या पाठीवर तळवा ठेवून बसायचास, कधी त्याच्या लाकडाला हनुवटी टेकवायचास. मी तोंड दुसरीकडे करून बोललो की चिडायचास, "इकडे पाहून बोल ना बे." मला वाटायचं, तू मला ऐकायला शिकवून राहिला आहेस. खरं सांगतो, मी शिकलोही. तुझ्या प्रश्नांनी माझे कान तयार झाले. चांगला आणि चांगला यांत किती प्रकार असतात ते त्या अंगणात कळलं. हे तुझे उपकार आहेत आणि ते मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

एका दुपारी ते लागलं. काडी जागेवर बसली, मी गज टेकवला, आणि खालच्या तारेतून असा भरलेला आवाज आला की मी घाबरून थांबलो. वरची तार उघडली तर तिच्यात चिरकेपणाचा लवलेश नाही. मोठं न वाजताही तो आवाज अंगणाच्या पार जायचा. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्या तोंडाकडेच पाहत होतास. मला रडू आलं, आणि मग तुलाही. मी समजलो, आवाजानं आलं.

तुला माझं रडणं पाहून रडू आलं होतं ना?

आता त्या दिवसाबद्दल बोलतो. मी टाळत होतो, पण त्याच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

नागपूरला रेडिओच्या परीक्षेसाठी माझं बोलावणं आलं होतं. गावात कोणाला खरं वाटत नव्हतं. बाबांनी नवीन पायजमा शिवून घेतला होता, माझ्यासाठी. सकाळी छोट्या लाईनची आगगाडी पकडायची होती. आदल्या दिवशी मी, तू मला देऊन टाकलेलं ते व्हायोलिन घेऊन तुझ्याकडे आलो. तू मशीन बंद करायला लावलीस. मी अंगणात बसून बागेश्री वाजवला, पूर्ण, जसा नागपूरला वाजवणार होतो तसा. तू डोळे मिटले नाहीस, माझ्या हाताकडे पाहत राहिलास. वाजवून झाल्यावर म्हणालास, "गंधार उतरला आहे तुझा."

"कुठी?"

"सगळीकडे खाली पडते. असा गेला तर हसतीन तिथले लोक. पुढच्या साली जा."

मी पुन्हा वाजवून दाखवला. तू मान हलवलीस. मी म्हणालो, मले तर बरोबर वाटते. तू म्हणालास, "तुले वाटते. आयकणाऱ्याले काय वाटते ते विचार."

मी ऐकणाऱ्याला विचारलं, यूसुफ. माझ्या माहितीतला सर्वांत मोठा ऐकणारा माझ्यासमोर बसला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली, मी शेतावर होतो. बाबांना सांगितलं, परीक्षा पुढं ढकलली. पुढच्या वर्षी बाबांना लकवा झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी स्वतःच कोणाला काही विचारलं नाही. मी झाडीपट्टीतच राहिलो. लोकांनी प्रेम केलं, नाटकवाल्यांनी मानानं बोलावलं, माझी तक्रार नाही. पण त्या दिवसानंतर गंधारावर बोट ठेवताना माझा हात कचरायला लागला. कधी थोडं वर ठेवायचो, कधी पुन्हा खाली आणायचो. ऑर्गनवाले म्हणायचे, "दिवाकर, बराबर आहे ना, काऊन हात मागं घेतो?" मी त्यांचं ऐकत नव्हतो, कारण तू सांगितलं होतंस. इतक्या वर्षांत एकही रात्र अशी गेली नाही की तो स्वर आला आणि मला तुझं तोंड आठवलं नाही.

आणि तुला तो ऐकूच आला नव्हता.

चाळिसाव्यानंतर मी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. जुन्या गोष्टी एकेक आठवत होत्या आणि प्रत्येकीचा अर्थ बदलत होता. तू मागून हाक मारली तर वळायचा नाहीस, लोक म्हणायचे यूसुफला गर्व आहे, मी तुझ्या बाजूनं भांडायचो. तुमच्या अंगणात सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलायचे, त्या गोंधळात तू किती सहज लपलास! मी वाजवायचो तेव्हा तू "वाह" म्हणायचास, ती दादसुद्धा माझ्या चेहऱ्यावरून घेतलेली. मी खूश दिसलो की वाह. म्हणजे तुझी सगळी दाद माझीच होती, मला परत केलेली. फक्त तो गंधार तुझा होता.

तू बहिरा आहेस हे मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? तुझा हात धरून बसलो असतो. रोज येऊन सांगितलं असतं, आज खालची तार अशी बोलली, आज वरची अशी. मला कमी समजलास तू. नाटकात बसणारा दिवाकर तुला तयार करता आला, पण त्याच्यावर विश्वास ठेवता आला नाही.

पोळ्याच्या नंतर मी व्हायोलिन घेऊन तुझ्या घरी गेलो, परत द्यायला. मशीन चालू होती. भाभी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "भाभी, हे तुमचं आहे. मले आता नोको."

त्यांनी कारण विचारलं नाही. मला बसायला सांगितलं. मग मीच विचारलं, मशीनच्या आवाजात ओरडून विचारावं लागलं, की त्या दिवशी त्यानं मला काऊन थांबवलं, तुम्हाला काही माहीत आहे का.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्ही गेल्यावर ते घरात आले," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, दिवाकरभाऊ कैसा बजाए? तर म्हणे, पता नहीं. मी म्हणलं, मग त्याले नाई काऊन म्हणलं? तर म्हणे, हा नागपूरले गेला तर तिकडचाच होऊन जाईन. मग मले कोण सांगल, कसा वाजते ते. लेकरासारखे बसून होते, भाऊ. मी लई बोलली त्याईले. म्हणलं, जा, अभी जा, गाडी सकाळी आहे. उठले, चप्पल घातली. मग परत काढली."

तू चप्पल घातली होतीस. हे ऐकून मला जास्त राग आला. माझ्या गावापर्यंत सायकलनं किती वेळ लागतो?

आणि तरी मनात एक गोष्ट राहतेच. तू माझ्या बोटांकडे पाहत होतास. आयुष्यभर त्या जागेवर बोट ठेवलेल्या माणसाला नुसतं पाहून कळू शकतं. गंधार खरंच खाली पडत होता का? खोटं बोलताना तुझ्या तोंडून खरं निघून गेलं का? की तोंडात आला तो पहिला स्वर तू सांगितलास? हे मला कोणी सांगू शकत नाही. तूच सांगू शकला असतास, आणि तू चप्पल काढून ठेवलीस.

तेवढ्यात विजेची लाईन गेली. हल्ली रोजच जाते. आरा मशीन घरघरत थांबली, मजूर बिड्या पेटवायला बाहेर गेले. अंगणात एकदम शांत झालं.

भाभींनी पेटीकडे पाहिलं. "भाऊ, एक डाव वाजवता का? मी याले कधी बराबर आयकलंच नाई. तुम्ही दोघं बसायचे तवा कायम मशीन चालू, नाई तर मी चुलीपाशी. तुम्ही देऊन जाऊन राह्यले, तर एक डाव आयकून घेतो."

माझी इच्छा नव्हती. पण ज्या बाईनं तुला उठवून चप्पल घालायला लावली होती, तिला नाही कसं म्हणणार? मी व्हायोलिन काढलं. तारा उतरल्या होत्या, त्या लावून घेतल्या. बागेश्री सोडून काहीही वाजवायचं असं ठरवून गज टेकवला, आणि बागेश्रीच निघाला.

मी रागात होतो, त्यामुळे विचार केला नाही. गंधार आला. मी बोट जिथं पडलं तिथं राहू दिलं. वर नेलं नाही, खाली आणलं नाही. तुझ्या त्या फिकट लाकडातून तो स्वर निघाला, सरळ समोरच्या सागवानाच्या थप्प्यांपर्यंत गेला, आणि अंगणात भरून राहिला. मी तिथं थांबलो. पुढं गेलो, पुन्हा तिथं आलो. बिड्या ओढणारे मजूर आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

संपल्यावर पाहिलं तर भाभींनी पदर तोंडाला धरला होता. मग म्हणाल्या, "असा वाजते हा?"

"हाव, भाभी."

"दोन साल घासून राह्यले होते. सरसाचा वास घरभर. मी कितीदा भांडली त्याईच्याशी." त्यांनी डोळे पुसले. "भाऊ, त्याईले समजलं होतं का, इतका चांगला झाला म्हणून?"

हो म्हणायला हवं होतं. तुझ्या बाईला एवढं एक समाधान द्यायला माझं काय जात होतं? पण माझ्याच्यानं झालं नाही. त्या अंगणात आता आणखी एक खोटं बोलायची माझी तयारी नव्हती.

"नाई, भाभी," मी म्हणालो. "मी सांगायचो त्याले. पण सांगून किती समजते."

त्या रडल्या. मीही रडलो, आणि तेव्हा पहिल्यांदा, तू गेल्यापासून पहिल्यांदा, मला तुझ्यासाठी रडू आलं. त्याच्या आधीचं सगळं माझ्यासाठी होतं. पाठीवर तळवा ठेवून बसलेला तू मला दिसलास. हाताला जेवढं कळतं तेवढंच तुला मिळालं.

लाईन आली. मशीन पुन्हा सुरू झाली. भाभींनी व्हायोलिन आपल्या हातानं पेटीत ठेवलं, पेटी उचलली आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवून सुतळीनं बांधायला लागल्या. मी नको म्हणालो नाही.

मी तुला माफ केलेलं नाही, यूसुफ. पुढं कधी करीन का, तेही माहीत नाही. व्हायोलिन घरी आणलं ते तुझी आठवण म्हणून आणलं नाही. ते चांगलं वाजतं म्हणून आणलं. खालची तार भरलेली आहे, वरची कुठंच चिरकत नाही, आणि मधल्या दोन्ही अशा बोलतात की पुढचा स्वर लावायची घाई होत नाही. लई चांगलं वाजतं ते.